बाबांवरचं वाक्य

लेकीच्या इंग्रजीच्या वहीत अर्धं वाक्य होतं, ‘बिकॉज माय फादर...’. ते वाचलं आणि कसबा पेठेतल्या आमच्या दुकानातला, चिंचेने घासलेल्या तांब्याचा वास आला.

आठवीत मीही हेच वाक्य पूर्ण केलं होतं: माझे वडील बँकेत साहेब आहेत, म्हणून आम्ही बंगल्यात राहतो. सरांनी ‘गुड’ लिहिलं.

भांडी घडवणाऱ्या बाबांना इंग्रजी येत नव्हतं. बोटं पुसत त्यांनी विचारलं, “माझ्याबद्दल काय लिहिलंयस?”

“तुम्ही कष्ट करता, म्हणून मी शिकतो.”

त्यांनी लगेच वही दुकानात आलेल्या एका गृहस्थांपुढे धरली. “वाचा की, पोराने लिहिलंय.”

गृहस्थांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. “छान लिहिलंय हो.”

बाबांनी त्यांच्यासाठी चहा सांगितला, माझ्यासाठी क्रीमरोल. तो मी खाल्लासुद्धा.