पथ्य सुटताना

नोव्हाय या आमच्या अमेरिकन गावात ऑक्टोबर सरत आला की मागच्या अंगणातल्या मेपलच्या गळलेल्या पानांचा ओलसर, किंचित आंबूस गंध घरभर रेंगाळतो, आणि दुपारचं फिकट ऊन खिडकीतून तिरपं येऊन आमच्या पलंगावर पडतं. गेलं वर्षभर त्या उन्हात मला एक उशी दिसत आली आहे. मंगलच्या आणि माझ्या मधोमध ठेवलेली.

कर्करोगामुळे माझं मूत्राशय काढलं, त्यासोबत प्रोस्टेटही गेलं, आणि पोटावर लघवीची पिशवी आली. घरी सोडताना सर्जन म्हणाला होता, सुरुवातीला जपा. माझ्या बायकोने, मंगलने, त्याचं तत्काळ मराठी केलं: पथ्य. तिखट बंद, जड उचलणं बंद, आणि झोपेत पिशवीला धक्का लागू नये म्हणून ही उशी. पुढे तिखट परत आलं, बर्फ ढकलायचं फावडंही हाती आलं, उशी मात्र हलली नाही. मला वाटे, तिला पिशवीची किळस येत असावी. विचारायचा धीर झाला नाही. ताठरता परत यावी म्हणून मी गोळ्या घेत होतो, आणि बाथरूमचा पंखा लावून, त्या घरघरीच्या आडोशाने, डॉक्टरांनी दिलेला निर्वात-पंप वापरत होतो. गाड्यांच्या ब्रेकमधला व्हॅक्यूम तपासण्यात नोकरीची सारी वर्षं गेली, आणि उतारवयात पुन्हा तेच नशिबी आलं, याचं कधीतरी हसू यायचं. बहुतेक वेळा नुसता थकवा यायचा. शरीर ऐकत नव्हतं, आणि त्याची मनधरणी करून मी कंटाळलो होतो.

परवा तपासणीच्या वेळी नर्सने विचारलं, "हाऊ इज इंटिमसी?"

मी खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे पाहू लागलो. मंगल मात्र अभिमानाने म्हणाली, "ही इज व्हेरी स्ट्रिक्ट. नथिंग ॲट ऑल."

नर्स गोंधळली. "हू टोल्ड यू टू स्टॉप?"

मंगल माझ्याकडे वळली. "अहो, डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना?"

"ते सुरुवातीपुरतं होतं गं."

"मग पथ्य सुटलं, हे मला कोण सांगणार? पंखा लावून आत बसता. मला वाटलं, तुम्हालाच मी नकोशी झाले."

नर्सला मराठी कळलं नसावं, पण मंगलचे डोळे तिने पाहिले. शांतपणे ती म्हणाली की नसा सावरायला फार वेळ लागतो, कदाचित सगळं पूर्ववत होणारही नाही, पण जवळ यायला आता कसलीच मनाई नाही.

घरी आल्यावर मंगलने चहासुद्धा टाकला नाही. सरळ खोलीत जाऊन तिने ती उशी उचलली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून दिली. मी आडवा झालो.

"माझ्याच्याने काही व्हायचं नाही, आधीच सांगतो," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला रडू आलं.

"पथ्य सुटल्या दिवशी कुणी पुरणपोळी वाढतं का?" ती शेजारी टेकत म्हणाली. "आधी पेज."

तिचा हात सदऱ्यावरून पिशवीवर आला आणि तिथेच राहिला. शरीर जागं झालं नाही. ऊन हळूहळू पलंगावरून भिंतीवर सरकलं. पिशवी भरत आली होती, रिकामी करायला उठायला हवं होतं, आणि मला उठवत नव्हतं.