ट्रकच्या रकान्यांतली स्थळं

छोट्या ऑफिसात किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या बुऱ्हाणपूरच्या ऑफिसात आम्ही तिघंच: प्रोग्रॅम लिहिणारा किशोर, डेटा तपासणारी वंदना आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणारा मी. किशोरला वंदना आवडायची. रोज सकाळी मला म्हणायचा, "आज विचारतोच!" आणि तिच्यासमोर गेला की विचारायचा, "बॅकअप घेतला का?" कंटाळून त्याच्या आईनं त्याचं नाव वधू-वर मंडळात घातलं.

*

नेमकं त्याच मंडळाचं काम आमच्याकडे आलं. जुनी माहिती नव्या प्रोग्रॅममध्ये आणायची. जुना उघडला, तर रकाने ट्रकचे! मंडळाच्या काकांनी तो ट्रान्सपोर्टवाल्या मेहुण्याकडून फुकट आणला होता आणि स्थळं त्यातच भरली होती. शिक्षण 'माल'मध्ये! कुठला रकाना नव्यात कशाला जोडायचा, हे एकट्या काकांना ठाऊक.

*

'उंची' दिसताच किशोर खूश. "हा तरी सरळ आहे!" न विचारता त्यानं उंचीला उंची जोडली. असीरगडची एक मुलगी चोवीस फूट निघाली.

काका म्हणाले, "अरे भई, त्याच्यात वय टाकलं ना! ट्रकचं वय कोण पूछतं?"

*

मग प्रत्येक रकान्यासाठी फोन.

"काका, 'ज्वलनशील'मध्ये काय?"

"मंगळ."

"आणि 'पंक्चर'?"

"घटस्फोट. पन गाडी परत चालू झाली तर काढून टाकतो, भो!"

*

'रवाना' म्हणजे लग्न ठरलं. किशोरनं चुकून तिथं सगळ्यांनाच 'होय' लावलं आणि नव्या प्रोग्रॅमनं घरोघरी अभिनंदनाचे मेसेज धाडले. बहादरपूरहून एक बाई फोनवर रडकुंडीला आलेल्या: "सून कोन आहे, तेवढं तर सांगा!"

ते सगळे 'होय' वंदनानं पुसले आणि तेव्हापासून त्या रकान्याला फक्त तिनंच हात लावायचा, असं मी ठरवून टाकलं.

*

मंडळात डेमो होता. काकांनी कौतुकानं किशोरचीच माहिती उघडली. वय बरोबर, उंची बरोबर, गाव दापोरा. खाली लिहिलेलं, 'लग्न ठरलं: होय'.

किशोर गडबडीनं पुढं आला. "काका, हे चुकलंय! माझं कुठं ठरलंय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी वंदनाकडे.

"डेटा बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि बॅकअपसुद्धा घेतलाय."