डावीकडची सीट

एडविन हॅलम यांनी गाडीतल्या प्रत्येक नट-बोल्टाला रबरी टोपी घातली होती. इंग्लंडातल्या डर्बिशरमध्ये घरी गाडी बांधणारे सगळेच घालतात. तपासणीच्या दिवशी तपासनीस मोसंब्याएवढा गोळा घेऊन येतो, गाडीच्या अंगाखांद्यावरून फिरवतो, आणि गोळा टेकेल तिथे धार असून चालत नाही. म्हणून टोप्या घालायच्या, कडांना रबरी पट्टी चढवायची आणि पास होऊन घरी आलं की सगळं उपटून टाकायचं. तपासनिसांनाही हे ठाऊक असतं. कुणी काही बोलत नाही.

हॅलम यांनी मात्र टोप्या चिकटवल्या होत्या.

"चिकटवल्यात?" कॉलिन नावाचा तपासनीस हसला. "मग काढणार कशा?"

"काढायच्या कशाला?"

कॉलिनने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

बस डेपोत हॅलम यांचा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला. लग्न झालं नाही. आई गेल्यावर तिच्या खोलीतलं सामान गॅरेजमध्ये आलं, आणि मग त्या सामानाला सरकवत सरकवत ही गाडी तिथे उभी राहिली. हिरवी, बुटकी, छप्पर नसलेली, दोन सीटांची. तिच्यात कितीतरी हिवाळे गेले होते. पण पास झाल्याचा कागद नाही तर नंबर नाही, आणि नंबर नाही तर रस्ता नाही. मग ती त्या गॅरेजमध्येच राहणार होती.

दिवे झाले, ब्रेक झाले, भोंगा झाला. कॉलिनने डावीकडच्या सीटचा पट्टा ओढला. तो हलेना.

"हळू ओढा," हॅलम म्हणाले.

"हळूच ओढतोय. पट्टा गुंडाळणारी चक्री तिरकी बसलीय हो. तिला वाटतंय गाडी उलटतेय, म्हणून घट्ट धरून बसलीय."

हॅलम यांनी वाकून पाहिलं. उजवीकडचीही अशीच अडकली होती. पहिल्यांदा बसले तेव्हाच लक्षात आलं आणि तिथल्या तिथे सरळ केली होती. डावीकडे कुणी बसलंच नव्हतं.

"कुणाला तरी बसवून बघितलं असेल ना? बायको, पोरं?"

"नाही."

"शेजारी?"

"तशी वेळ आली नाही."

कॉलिनने हातातला गोळा बाकावर ठेवला. "हे बघा हॅलम, पाना आहे ना जवळ? ही सीट काढा, पट्टा काढा. एका सीटची गाडी म्हणून आज पास करतो. नाहीतरी तुम्ही एकटेच फिरणार."

तो वाईट बोलला नव्हता. हॅलम गुडघे टेकून बसले. पहिला बोल्ट सैल झाला. दुसऱ्याला पाना लावला आणि ते थांबले. मग पहिला बोल्ट त्यांनी पुन्हा आवळला.

"पुन्हा येईन मी."

"अहो, पुन्हा तारीख, पुन्हा ताटकळणं. कशासाठी?"

"गाडी दोन सीटांची आहे," हॅलम म्हणाले. एवढंच.

घरी येऊन त्यांनी चक्री सरळ केली. पट्टा सुळकन बाहेर आला. पण आता मनात दुसराच किडा वळवळू लागला होता. दोघांच्या वजनाने गाडी खाली बसली तर चाक मडगार्डला घासेल का? बटाट्यांची पोती ठेवता आली असती. पण पट्टा अडकवायला पोत्याला खांदा नसतो.

शेजारच्या ऑड्रीबाईंशी त्यांचं बोलणं व्हायचं ते कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा याबद्दल. त्यांच्या दारात हॅलम टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"जरा गाडीत बसायला याल का?"

"अगंबाई! कुठे जायचंय?"

"कुठे नाही. गॅरेजमध्येच."

"आमच्या ह्यांनीसुद्धा मला इतक्या जवळ कधी नेलं नव्हतं हो," म्हणत त्या ॲप्रन सोडून निघाल्या.

हॅलम यांनी पट्टा त्यांच्या खांद्यावरून आणून अडकवला, मग स्वतः बसले. गाडी किंचित दबली. वाकून त्यांनी मडगार्डखाली बोटं घातली. जागा होती. सरळ होताना कोपराला कोपर लागलं, आणि त्यांनी आपलं चटकन आत घेतलं.

उघड्या दारातून गल्ली दिसत होती.

"इथून वेगळीच दिसते की आपली गल्ली," ऑड्रीबाई म्हणाल्या. "पास झाली की भोंगा वाजवा. स्कार्फ बांधून येते बघा."

या खेपेला कॉलिनने पट्टा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. "कोण बसलं होतं?" त्याने विचारलं.

"शेजारी," हॅलम म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

गाडीचा नंबर आला त्या दिवशी त्यांनी त्याची पाटी दुपारीच लावली आणि गाडी ऑड्रीबाईंच्या फाटकाशी आणून उभी केली. भोंगा वाजवला. छोटासाच. पडदा हलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला, आणि मग आठवलं की आज गुरुवार. गुरुवारी त्या बसने बहिणीकडे जातात. इतकी वर्षं खिडकीतून ते बघत आले होते.

बाहेर मोकळा रस्ता होता, आता हक्काचा. टेकडीपर्यंत एक चक्कर मारून येता आली असती.

हॅलम यांनी इंजिन बंद केलं. डावीकडच्या पट्ट्याला पीळ पडला होता, तो सरळ केला. मग थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि ते कोपऱ्यावरच्या बसथांब्याकडे बघत बसले.