टाकीतली शिट्टी

"ताई, तुमनं मशीन बंद करा ना. शिट्टी वाजी ऱ्हायनी," टाकीचं झाकण वर करून नाना म्हणाले. आत जाऊन त्यांना फार वेळ झाला नव्हता.

मी फिजिओथेरपिस्ट. जळगावात पिंप्राळ्याच्या एका सेंटरमध्ये फ्लोट टँक सांभाळते. ही झाकणाची मोठी टाकी. पाणी गुडघाभरही नसतं, पण त्यात एप्सम सॉल्ट इतकं विरघळवलेलं असतं की माणूस आपोआप तरंगतो. पाणी अंगाइतकंच कोमट. आत अंधार, कानात प्लग. बाहेरचं काही कळत नाही. शरीर सैल पडतं आणि माणूस स्वतःपाशी उरतो.

नाना एरंडोलकडच्या एका जिनिंगमध्ये फिटर. कापसातून सरकी वेगळी करणारी मशिन्स त्यांच्या ताब्यात. त्यांची मुलगी स्वाती त्यांना घेऊन आली होती. "झोप नाही, चिडचिड फार. काही सांगितलं तर लक्षच देत नाहीत," ती म्हणाली होती.

सेशन चालू असताना टाकीचा पंप बंद ठेवतात. तो बंदच होता. तरी मी मेन स्विच पाडला. एसी, एक्झॉस्ट, काहीच चालू राहिलं नाही. नाना पुन्हा आडवे झाले. थोड्या वेळाने मी झाकण उघडलं.

"बठ्ठं बंद शे?" त्यांनी विचारलं.

"हो, नाना, सगळं बंद," कानात प्लग म्हणून मी मोठ्याने म्हणाले.

"तरी वाजी ऱ्हायनी."

सेंटरचे मालक, आमचे सर, मला बाजूला घेऊन म्हणाले, "आत हलकं म्युझिक लाव. टाकी नवीन आहे, खराब निघाली असं गावभर नको व्हायला."

"टाकी चांगली आहे, सर. म्युझिकने शिट्टी झाकली जाईल, थांबणार नाही. ती कुठून येते ते आधी बघू द्या."

नाना कानातले प्लग काढून, कपडे करून बाकावर बसले, टॉवेलची घडी घालत. मी त्यांच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात विचारलं, "नाना, चहा घेणार?"

ते घडी घालत राहिले.

समोर येऊन तेवढ्याच आवाजात विचारलं. माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "बिनसाखरना."

"ही शिट्टी घरी येते?" मी जरा मोठ्याने विचारलं.

"लाइट गई, पंखा बंद पडना, की येस."

स्वाती वडिलांकडे बघत होती. "आणि मी त्यांच्यावर ओरडत होते," ती म्हणाली.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणीत निघालं ते असं: वर्षानुवर्षांच्या मशीनच्या आवाजाने दोन्ही कान कमजोर झाले होते, शिट्टी त्यातूनच येत होती. दिवसभर जिनिंगचा खडखडाट, रात्री पंखा. लाइट गेल्यावरचा थोडा वेळ सोडला, तर पूर्ण शांतता त्यांना आमच्या टाकीतच पहिल्यांदा मिळाली. गेलेलं ऐकू येणं परत येणार नव्हतं, पण आता ते कानावर आवाज अडवणारे मफ घालून काम करतात आणि घरी ऐकण्याचं यंत्र लावतात. शिट्टी आहे, पण झोप लागते. महिन्यातून एकदा टाकीतही येतात. त्यांच्यासाठी म्युझिक मी स्वतः लावते.

ग्राहकाने तक्रार केली की मशीन तपासायचं, हे मला शिकवलेलं होतं. मशीन ठीक निघालं तरी तक्रार खरी असू शकते, हे कामावर शिकले.