पॅसेजच्या भिंतीवरचा कॉम्प्युटर

मुलांनो, मागे एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले होते. तेव्हा धाकटीने विचारलं, "आजी, भिंतीवर ते काय लटकलंय? लाइटचा मीटर?" दूध उतू जात होतं म्हणून मी "नंतर सांगते" म्हणाले आणि ते राहून गेलं. तो मीटर नाही. तो आमचा कॉम्प्युटर आहे, आणि त्याची पेटी तुमच्या आजोबांनी, मी आणि एका सुताराने मिळून केली आहे. ती अशी ओबडधोबड का दिसते, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आपल्या इमारतीच्या मागे, सदाशिव पेठेतल्या इतर अनेक घरांसारखंच, एका घरात मुलींना खोल्या भाड्याने दिल्या आहेत. तिथे विदर्भातून आलेली एक मुलगी राहते. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला जन्मापासून दिसत नाही. तिची काही पुस्तकं इंग्रजीत, जुन्या छपाईची, कुणीतरी घाईघाईने स्कॅन केलेली. तिच्या फोनमधला यांत्रिक आवाज अशी पानं वाचताना मजकूर आणि तळटीप यांची खिचडी करतो. म्हणून वाचनालयातल्या बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी पानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठी करून वाचते, वाचलेलं रेकॉर्ड करते, चुकलेलं दुरुस्त करते आणि तिला पाठवते. पडद्याशिवाय मला ती अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे वाचताना कॉम्प्युटर चालू ठेवावाच लागतो.

आणि तो घरघरायचा. माझ्या टेबलाखाली, अगदी गुडघ्याजवळ. मला त्याची सवय झाली होती, पण ती मुलगी एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "आजी, रागावू नका. तुम्ही वाचता मस्त. पण मागे चक्की चालू असल्यावानी वाटते न. अर्धा तास ऐकलं का डोकं दुखते."

"अगं, मग तो आवाज काढून टाकायची सोय असते ना?"

"केलं न मी ते. त्यात शब्दाचं शेपूटच जाते. 'शॅल' म्हटलं का 'शॅल नॉट' म्हटलं, कसं समजावं?"

कायद्याच्या पुस्तकात हा फरक म्हणजे सगळंच. परीक्षा जवळ आली होती आणि निम्म्याहून जास्त पुस्तक वाचायचं राहिलं होतं. तिला ते नीट ऐकू आलं नाही, तर बाजारातल्या गाइडवर भागवावं लागणार होतं, आणि ते तिला नको होतं. "गाइड वाचून वकील झाले तर माह्याकडे गाइडवालेच पक्षकार येतील," असं ती म्हणायची.

आजोबांनी पहिला उपाय म्हणून कॉम्प्युटरवर गोधडी टाकली. घरघर थांबली आणि थोड्या वेळाने कॉम्प्युटरही थांबला. तापला होता. मग तुमच्यातल्या थोरल्याने तिकडून नवीन लॅपटॉप पाठवायची तयारी दाखवली. आजोबा म्हणाले, "हा चालतोय. केवळ म्हातारा झाला आणि आवाज करतो म्हणून घराबाहेर काढायचा? तसला पायंडा मी या घरात पडू देणार नाही."

तेव्हा तो माझ्या खोलीतून तरी बाहेर काढायचा, असं ठरलं. खोलीला लागून पॅसेज आहे. तिथे जमिनीवर काही ठेवलं, तर येता-जाता ठेच लागणार. पण भिंत मोकळी होती. पॅसेजमध्ये भिंतीवर पेटी, मधल्या भिंतीला एक भोक, त्यातून पडद्याच्या आणि कीबोर्डच्या वायरी इकडे खोलीत. अट एवढीच की पेटी फोटोच्या चौकटीसारखी पातळ हवी. तशी विकत कुठे मिळेना. म्हणून आम्ही ती बनवायला घेतली.

आजोबांनी नोकरीभर भूगोल शिकवला. त्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून कॉम्प्युटर उघडला. एकेक वायर काढण्याआधी ते तिचा फोटो घेत होते. आत जमलेली धूळ पाहून म्हणाले, "थरचं वाळवंट निघालं." मला वाटलं होतं आत फार काही असेल. एक मोठी हिरवी पाटी, म्हणजे मदरबोर्ड, विजेचा एक डबा, एक डिस्क आणि पंखे. एवढ्यासाठी आधी तो मोठा पत्र्याचा खोका होता! आम्ही हे सगळं एका फळीवर शेजारी शेजारी मांडायचं ठरवलं. भोवती चार पट्ट्या, वर उघडणारं जाळीचं दार, आणि लहान पंख्यांऐवजी एकच मोठा, सावकाश फिरणारा पंखा. फळीची थरथर भिंतीत उतरू नये म्हणून मागे रबराच्या चकत्या लावायच्या होत्या. त्या आजोबांच्या जुन्या स्लिपरच्या तळव्यातून मी कापल्या.

नमुना कापणं हे माझं काम. ब्लाऊज मी आयुष्यभर घरीच शिवले. खाकी कागद घेतला, त्यावर मदरबोर्ड ठेवला, त्याच्या भोकांतून टाचणी टोचून खुणा केल्या, पंख्याचा गोल आखला, वायरींच्या वाटा आखल्या. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने लिहिलं: इथे पंखा, इथे डिस्क, इथे भिंतीतलं भोक. कडा फुटपट्टीने सरळ केल्या. आजोबा बघून म्हणाले, "आता फक्त हात-गळा राहिला."

तो कागद घेऊन आम्ही कसबा पेठेत आमच्या सुताराकडे गेलो. आमची स्वयंपाकघरातली कपाटं त्यानेच केली होती. फळीला मी त्याच कपाटांच्या रंगाचा मोतिया सनमायका सांगितला. पॅसेजमधून ते एकाच संगतीचं दिसलं असतं. त्याने कागद नीट पाहिला, "अक्षर झकास आहे, काकू," म्हणाला आणि ठेवून घेतला.

ठरल्या दिवशी तो पट्ट्या आणि जाळीचं दार मागे बांधून, स्कूटरवर फळी पुढ्यात उभी धरून आला. सनमायका तुळतुळीत, कडा एकसारख्या. मला फार बरं वाटलं. आजोबांनी मदरबोर्ड उचलून फळीवर धरला. एक भोक जुळलं, बाकीची जुळेनात. फिरवून पाहिला. तरी जुळेनात. पंख्याचा गोल तर भलत्याच कोपऱ्यात होता.

"पूर्वेची पश्चिम झाली आहे," आजोबा म्हणाले.

सुताराने कागद मागितला, फळीवर आधी सुलटा, मग पालथा ठेवून पाहिला. मग म्हणाला, "काकू, सनमायका वर ठेवून कापला तर कडेचे टवके उडतात. म्हणून चांगली बाजू खाली घालतात. मी फळी पालथी घातली आणि वर कागद ठेवला."

"मग कागदही पालथा ठेवायला हवा होता ना?"

"हवा होता. पण पालथा ठेवला तर तुम्ही लिहिलंय ते वाचणार कसं? एवढं छान लिहिलंय."

कागद पालथा पडला तर काय होईल, हे माझ्याही मनात आलं नव्हतं. ब्लाऊजचा कागद कसाही ठेवा, कापड दुहेरी असतं, डावा आणि उजवा भाग एकदमच निघतो. शिवणात कागदाला सुलटी-उलटी बाजू नसते. आमच्या दोघांचीही रीत आपापल्या जागी बरोबर होती. फक्त त्या दोन रीती एकाच फळीवर आल्या होत्या.

"दुसरी फळी करतो," सुतार म्हणाला. "पण हातात एक किचन आहे. पुढच्या आठवड्यात देतो."

पुढच्या आठवड्यात म्हणजे केव्हा, हे पुण्यात कुणी विचारत नाही. इकडे कॉम्प्युटर टेबलावर सुटा पडलेला, आणि त्या दिवशी सकाळीच मुलीचा निरोप आला होता: "आजी, पुढचं प्रकरण झालं का?"

आजोबांनी फळी उचलून उलटी केली. सनमायका भिंतीकडे, कोरं प्लायवुड आमच्याकडे. मदरबोर्ड धरला. सगळी भोकं बरोबर समोर आली. पंखाही आपल्या जागी, भिंतीतल्या भोकासमोर वायरींची वाट.

मी त्या फळीकडे पाहत राहिले. प्लायवुडवर गाठी होत्या, कारखान्याचा अर्धवट उठलेला शिक्का होता, सुताराची पेन्सिलीची आकडेमोड होती आणि एका कोपऱ्यात फेव्हिकॉलचा ओघळ. घरात पडद्यांच्या चुण्या मोजून घालणारी मी. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते बघणार.

"काय करायचं, काकू?" सुताराने विचारलं. "वरून दुसरा सनमायका चिकटवायचा तर सुकायला वेळ जाईल, परत सगळी भोकं पाडावी लागतील."

"लावा अशीच," मी म्हणाले.

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नक्की? लोक म्हणतील, या घरात चांगली बाजू भिंतीला दाखवतात."

"म्हणू देत. मला संध्याकाळच्या आत वाचायला बसायचं आहे."

सुताराने फळी भिंतीवर बसवली, भोवती पट्ट्या आणि दार लावलं, आणि आजोबांनी तीन-चार वेळा फोटो पाहून वायरी जोडल्या. बटण दाबलं आणि आम्ही तिघेही पॅसेजमध्ये कान देऊन उभे राहिलो. मोठा पंखा आळसावल्यासारखा फिरायला लागला. मी खोलीत जाऊन दार लावलं. आत काहीच ऐकू येत नव्हतं. खाली एक रिक्षा थांबली, तेवढाच आवाज आला. मी पान मोठं केलं आणि वाचायला सुरुवात केली.

ते प्रकरण पाठवल्यावर मुलीचं उत्तर बोलूनच आलं. "आजी, बापा! आता सगळं येते. 'नॉट'च्या आधी तुम्ही थांबता न, तेही येते. मी वेग वाढवून ऐकलं, दोनदा ऐकलं, डोकं नाही दुखलं. आन मधात आजोबा चहा पेतात, त्याचा फुरकाही येते. तो राहू द्या."

आजोबांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "कोर्टात पुरावा म्हणून वापरू नको म्हणावं."

परीक्षेआधी पूर्ण पुस्तक तिच्याकडे पोचलं. गाइड तिने घेतलं नाही. पेपर झाल्यावर ती पेढे नाही, तर पुढच्या परीक्षेच्या पुस्तकांची यादी घेऊन आली. तिला न्यायाधीश व्हायचं आहे. सुताराचाही मध्ये फोन आला होता, "काकू, आता वेळ आहे, फळी बदलून देऊ का?" बदलायची तर कॉम्प्युटर काही दिवस बंद ठेवावा लागेल. मी त्याला सध्या नको म्हणून सांगितलं. सकाळी चहा झाला की मी खोलीत जाते, दार लावते, आणि पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक जिथे थांबले होते तिथून पुढे वाचायला लागते.