बाबांचा गुडघा आणि कुंग फू

कुंग फूच्या पिक्चरचं वेड मला शाळेपासूनचं. लग्न झालं, वाशीमला नोकरी लागली, तरी ते उतरलं नाही. त्यामुळे बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी रजा टाकून केनवडला माहेरी आले, तेव्हा बॅगेत त्यांच्या गोळ्यांबरोबर एक पेन ड्राइव्हही होता. त्यात माझा सगळ्यात लाडका पिक्चर: हाँगकाँगचा, जुनापुराणा, हिंदीत बोलणारा.

गुडघा मात्र हटून बसला होता. गुडघा कसला, बाबाच! रोज वाकवा, नाहीतर पाय असाच ताठ राहील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबा जुने पैलवान. पलंगावर पडून टाच मागे ओढायची, हा त्यांना व्यायाम नाही, अपमान वाटायचा. "हा काय पोरखेळ लावून राह्यली?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करायचे. मला राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. शेतात पायी गेल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, तो माणूस आता पलंगावरच बसून राहणार?

एका दुपारी वैतागून मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. बाबांसाठी नाही, माझ्यासाठी. पहिली मारामारी सुरू झाली आणि पाठमोरे बाबा हळूच वळले. एकावर पाचजण तुटून पडले, तसे बाबा ओरडले, "अरे, हे जोड कोनं लावली? एकासंगं एकच! पंच कुठी गेले?" माझी हसून हसून पुरेवाट झाली. त्यांना कुंग फूसुद्धा कुस्त्यांची दंगलच! कुणी आडवा झाला की मान वाकडी करून त्याची पाठ जमिनीला लागली का ते बघायचे. नाही लागली तर निकाल द्यायचे, "चित नाई झाला. कुस्ती चालू हाय."

मग तो भाग आला, ज्याच्यासाठी मी हा पिक्चर पुन्हा पुन्हा बघते. नायक डोंगरावरच्या मठात लढायला शिकायला जातो आणि गुरू त्याला पाणी भरायला लावतो. हात ताठ, बादल्या जड, पायऱ्या संपत नाहीत. तो पडतो, पाणी सांडतं, पुन्हा खाली जातो. मला राहवेना.

"बाबा, हेच तर पाहा! याच्या आंधी पिक्चरात नुसती हानामारी राहे. यानं शिकन्याचाच पिक्चर केला. मंग साऱ्याईनं हे उचललं, आपल्या हिंदीवाल्याईनं बी. गानं वाजते अन् हिरो घाम गायत धावते, ते अथूनच आलं!"

"अन् यानं कुठून उचललं?" बाबा म्हणाले. "माह्या वस्तादानं आखा पावसाळा मले आखाड्याची माती खांदाले लावली. ताक टाक, तेल टाक, हयद टाक, खांद. कुस्तीचं नाव नाई. काहून, हे इचाराची सोय नाई." बोलता बोलता ते उठून बसले होते. दोन्ही हात फावडं धरल्यासारखे हलत होते.

पिक्चर संपला तसा त्यांनी मला देवघरातून नारळ आणायला लावला. वाटलं, देवापुढे फोडायचा असेल. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन माझ्यापुढे धरला. आखाड्यात नवा पोरगा वस्तादाला असाच नारळ देतो. वस्तादाने तो घेतला की त्याचा शब्द मोडायचा नसतो.

"घे," ते म्हणाले. "वस्तादाबिगर माह्यानं होत नाई."

मी नारळ घेतला. बाबा आडवे झाले आणि टाच ओढू लागले. गुडघा थोडा वाकला आणि अडला. त्यांचे ओठ घट्ट मिटले, डोळे भरून आले. मला बघवेना. मी म्हणाले, "राहू द्या बाबा, आज इतकंच."

"वस्ताद असं म्हनते काय?" ते कण्हत ओरडले. "सांग ना!"

ज्यांनी माझ्या पायात कधी काटा रुतू दिला नाही, त्या बाबांवर मी घसा ताणून ओरडले, "अजून!" आणि टाच सरकली.