किल्ल्यावरची मोहरी

तुमच्या आजोबांच्या टेबलाशी सलग दोन वर्षं कोणीही थांबलं नव्हतं, हे त्यांनी तुम्हाला फोनवर कधी सांगितलं नसेल. इथे दरवर्षी चिमुकल्या सैनिकांच्या ऐतिहासिक लढायांचं प्रदर्शन भरतं. प्रत्येक टेबलावर एक रणांगण असतं. येणाऱ्यांनी फासे टाकायचे, मोजपट्टीने अंतर मोजत सैन्य पुढे सरकवायचं. आजोबांचे मावळे अंगठ्याच्या पेराएवढे, सगळे त्यांनी भिंगाखाली रंगवलेले. पण लोक शेजारच्या युरोपातल्या लढाईकडे वळायचे.

"यंदा कोणीतरी एक डाव खेळावा, बास," ते म्हणाले. बक्षिसाचं नावही काढलं नाही.

डोंगर करायचं काम माझ्याकडे होतं. थर्माकोलच्या उतारावर माती लिंपून मी मोहरी पेरली, लहानपणी आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर पेरायचो तशी, बरोबर पाच दिवस आधी. पुण्याच्या थंडीत पाच दिवसांत छान लव यायची. इथल्या बारमाही उकाड्यात, आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, ती तिसऱ्याच दिवशी आली आणि वाढतच राहिली. मला ती सुरेख वाटली. दिवाळीच्या किल्ल्यात वाघ दरवाजाहून मोठा असला तरी कोणी काही म्हणत नाही; मापाचा विचार माझ्या मनात आलाच नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी डोंगर हॉलमध्ये आणला. आजोबांनी डबा उघडून पहिले दहा मावळे उतारावर ठेवले आणि दहाही दिसेनासे झाले.

"अगं, हा किल्ला आहे की मेथीचा वाफा?"

आवाज चेष्टेचा होता, पण अकरावा मावळा त्यांच्या हातातच राहिला.

"अहो, कापते मी," म्हणून मी पर्समधली नखांची कात्री काढली.

शेजारच्या टेबलावरचे निवृत्त चिनी मास्तर वाकून बघत होते. गेल्या वर्षीचा कप त्यांचाच. "आंटी, डोंट कट लाह," ते इथल्या लकबीत म्हणाले. "युवर मेन कॅन हाइड."

मी कात्री ठेवली आणि एका कार्डावर स्वच्छ अक्षरात नवा नियम लिहिला: गवतातला सैनिक शत्रू वीतभर अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही. मास्तर लगेच वेढा घालणाऱ्या मोगली फौजेच्या बाजूला बसले. तोफा ऐटीत पुढे आणल्या. चौथ्या खेळीला मावळे गवतातून उठले ते थेट तोफांवर.

"वेअर दे कम फ्रॉम?" मास्तर म्हणाले. भोवतीचे सगळे हसले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, भोवती माणसं होती.

दुपारपर्यंत रांग लागली. मी यादी केली, प्रत्येकाला अर्धा तास. आजोबांनी थालीपीठ उभ्याउभ्याच खाल्लं. संध्याकाळपर्यंत सात डाव झाले. मग प्रेक्षकांच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि सर्वोत्तम टेबल आमचं ठरलं. कप मास्तरांनीच आणून दिला. "आय लॉस्ट टु अ सॅलड," म्हणाले.

माइक हातात आल्यावर आजोबांनी इंग्रजीत एकच वाक्य म्हटलं, "डोंगर माझ्या बायकोने केलाय."

टॅक्सीत डोंगर आमच्या दोघांच्या मांड्यांवर होता आणि कप मोहरीत उभा होता.

"पुढच्या वर्षीही पाच दिवस आधीच पेर हं," ते म्हणाले. "चार नको."